बीपी वाढलं की काय खाऊ, सगळे सांगतात, काय सोडू ते कोणी सांगत नाही

घरात कुणाचं बीपी वाढलं म्हटलं की गल्लीतला प्रत्येकजण वैद्य होतो, लसूण चावून खा, बीटचा रस प्या, शेवग्याच्या पाल्याचा काढा घ्या. आमच्या खानापूरच्या मामांचं वरचं बीपी १५० च्या आत-बाहेर असायचं, शुगर नाही, किडनी ठीक, म्हणून डॉक्टर म्हणाले गोळी लगेच नको, काही महिने खाणं सांभाळून बघू. तेव्हापासून मी कुठलाही सल्ला आला की एकच विचारते, यानं ताटातलं मीठ कमी होतंय का?

कारण भक्कम पुरावा मीठ कमी करण्याचा आणि एकूण ताट बदलण्याचाच आहे. अमेरिकेत १९९७ साली डॅश नावाच्या, बीपी उतरवण्यासाठी आखलेल्या आहाराचा अभ्यास आला, भाज्या, फळं, कडधान्यं, कमी फॅटचं दूध-दही, मीठ तेवढंच ठेवूनही बीपीवाल्यांचं वरचं बीपी सरासरी ११ नं उतरलं. २००१ मध्ये त्यावर मीठही कमी करून बघितलं तर अजून फरक पडला. लसूण-बीटचा परिणाम त्यापुढं थोडकाच.

जागतिक आरोग्य संघटना सांगते दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, सगळं धरून. मामा म्हणायचे, "मी कुठं वरून मीठ घेतोय गे?" खरंच घेत नाहीत. ज्वारीच्या भाकरीत तर मीठ नसतंच, इतकी चांगली गोष्ट आपल्या घरात आधीपासून आहे, पण तिच्याबरोबर ठेचा, लोणच्याची फोड, तळलेली सांडगी मिरची, पापड, आणि संध्याकाळी चिरमुऱ्यात फरसाण, चहाला बेकरीची खारी! मामींनी आता ठेच्यात शेंगदाणे नि लसूण वाढवलाय, वरून लिंबू पिळतात, मीठ निम्मं, आणि मामा कुरकुर न करता खातात.

सैंधव मीठ बीपीला चालतं हे मात्र डोक्यातून काढाच, तेही बहुतेक सोडियम क्लोराईडच, म्हणजे आपलं नेहमीचंच मीठ. पोटॅशियमवालं मीठ (ज्यात थोड्या सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं) वेगळं, चीनमधल्या २०२१ च्या मोठ्या अभ्यासात त्यानं स्ट्रोक कमी झाले, पण किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही ठराविक गोळ्या चालू असतील तर रक्तात पोटॅशियम वाढून जिवावर बेतू शकतं, डॉक्टरला विचारल्याशिवाय आणू नका. आणि घशासाठी रोज ज्येष्ठमध चघळणाऱ्यांनो, त्यानं बीपी वाढतं, हे कुठल्याच काढ्याच्या मेसेजमध्ये नसतं.

पाकिटावर सोडियम लिहिलेलं असतं, त्याला अडीचनं गुणलं की मीठ कळतं. १०० ग्रॅम फरसाणात ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर २ ग्रॅम मीठ झालं.

बीपी बघताना पाच मिनिटं टेकून शांत बसायचं, त्याआधी अर्धा तास चहा नको, तंबाखू नको (निपाणीकडच्यांना हे मुद्दाम सांगते), आकडे वहीत लिहून डॉक्टरला दाखवायचे. ज्यांच्या गोळ्या आधीच चालू आहेत त्यांनी हे वाचून त्या बंद करू नका प्लीज, खाणं सुधारलं आणि आकडे उतरले तर डॉक्टरच डोस कमी करतील.