आमची वाटचाल: डेअरीच्या कॉम्प्रेसरपासून एमआरआयच्या चुंबकापर्यंत

आमचं मूळ काम रेफ्रिजरेशनचं. भोसरीत छोटा गाळा, डेअऱ्या आणि कोल्ड स्टोरेजचे कॉम्प्रेसर दुरुस्त करायचो. एमआरआयशी गाठ पडली ती चिलरमुळे, म्हणजे मशीनला गार ठेवणाऱ्या यंत्रामुळे. मराठवाड्यातल्या एका सेंटरचा चिलर उन्हाळ्यात सारखा ट्रिप व्हायचा आणि मशीनच्या चुंबकातलं हेलियम उडायचं.

लोकांना वाटतं, एवढा चुंबक म्हणजे वीज खात असणार. उलट आहे. निओबियम-टायटॅनियमच्या तारेची गुंडाळी उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियममध्ये बुडालेली असते. तिथे तारेचा रोध शून्य, त्यामुळे एकदा भरलेला करंट वर्षानुवर्षं फिरत राहतो. वीज लागते ती थंडी राखायला: चुंबकातली उष्णता ओढून घेणारं कोल्ड हेड, त्याचा कॉम्प्रेसर आणि त्या कॉम्प्रेसरला गार ठेवणारा चिलर. सेंटरला कुलूप लागलं तरी हे तिघं चालूच हवेत. लोडशेडिंगच्या काळात आम्हाला कामं मिळाली ती यामुळेच.

कोल्ड हेडची कामं हळूहळू आली. त्यातलं हेलियम ९९.९९९ टक्के शुद्ध लागतं. होज जोडताना जराशी हवा शिरली तरी ती आत गोठून बसते आणि कोल्ड हेडच्या ठोक्यांची लय बिघडते. आमची पोरं गेज बघण्याआधी कान लावतात.

रिफिलला, म्हणजे चुंबकात द्रव हेलियम पुन्हा भरायला, खरा धीर लागतो. नळी आधी गार करून घ्यायची. तोंडातून दाट पांढरा झोत येऊ लागला की मगच चुंबकात घालायची. घाई केली तर गरम वायू आत शिरून उरलेलं हेलियमही उकळतं.

भारतात हेलियम जवळपास सगळं बाहेरून येतं. २०१७ मध्ये कतारची नाकेबंदी झाली, तिथले हेलियमचे कारखाने काही काळ बंद पडले, आणि इकडे गिऱ्हाइकाला दर सांगताना आमची जीभ अडखळायची. आता तर जेमतेम सात लिटर हेलियमवर चालणारी सीलबंद मशीनं आली आहेत. जुन्यांत हजार-दीड हजार लिटर असायचं. रिफिलचं काम घटणार हे उघड आहे, म्हणून आम्ही एएमसीवर, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारांवर, भर दिलाय.

एएमसीत क्वेंच पाइपची, म्हणजे हेलियमचा वायू गच्चीवर सोडणाऱ्या नळाची, तपासणी आम्ही फुकट करतो. चुंबक क्वेंच झाला, म्हणजे गुंडाळी अचानक तापून हेलियम उकळलं, तर एक लिटर द्रवाचा सातशे लिटरच्या वर वायू होतो. पाइप तुंबलेला असेल तर हा वायू खोलीत शिरून ऑक्सिजन हुसकावतो. गच्चीवरच्या तोंडात बहुतेक वेळा पारव्यांचं घरटं सापडतं. जाळी बसवायचे पैसे मात्र घेतो.