पेवॉल दिसली की टॅब बंद करू नका

डेझर्टेशनच्या पहिल्या महिन्यात माझ्या फोल्डरमध्ये साठेक अ‍ॅब्स्ट्रॅक्ट (म्हणजे पेपरचे नुसते सारांश) होते आणि पूर्ण पेपर फक्त चार. विषय होता रात्रपाळी करणाऱ्या नर्सेसची झोप. गुगल स्कॉलरवर सर्च करायचं, लिंक उघडायची, पेपर विकत घ्या असं पान (म्हणजे पेवॉल) आलं की टॅब बंद करून पुढच्या लिंकवर जायचं, हे रोज रात्री चालायचं आणि मला खरंच वाटायला लागलेलं की आहेत त्या चार पेपरवरच आता भागवावं लागणार.

नंतर कळलं की त्यातले बरेचसे पेपर आमच्या युनिव्हर्सिटीने आधीच घेऊन ठेवलेले. जर्नलची वर्गणी लायब्ररी भरते, पण जर्नलची वेबसाइट बहुतेक वेळा तुम्हाला नावाने ओळखत नाही, तुम्ही कुठल्या नेटवर्कवरून आलात ते बघते. कॅम्पसच्या नेटवर्कवर असाल तर दार उघडं, रूमवर जाऊन स्वतःचं इंटरनेट लावलं की तुम्ही परके. म्हणून लायब्ररीच्या वेबसाइटवर रिमोट अ‍ॅक्सेसचं वेगळं लॉगिन असतं, तिथून आत शिरलात की रूमवर बसूनही तोच पेपर उघडतो. गुगल स्कॉलरच्या सेटिंगमध्येही लायब्ररी लिंक्स म्हणून एक जागा आहे, तिथे आपली युनिव्हर्सिटी निवडली की (ती त्यात जोडलेली असेल तर) सर्चमध्येच शेजारी लिंक दिसते. दोन मिनिटांचं काम आहे, आजच करा.

हे मला सांगितलं लायब्ररियन मॅडमनी. मी गेले होते एक पुस्तक परत करायला आणि सहज विचारलं की पेपर मिळत नाहीयेत, तर त्यांनी शेजारची खुर्ची ओढून मला बसवलं आणि म्हणाल्या, "आधी सांग, सर्चमध्ये काय टाकतेस?" मी सांगितलं, अख्खं वाक्य टाकते, इंग्रजीत, प्रश्न विचारल्यासारखं. मग त्या म्हणाल्या, "ज्याने हा पेपर लिहिलाय त्याने कुठला शब्द वापरला असेल, त्याचा विचार कर." या एका वाक्याने माझं अख्खं काम बदललं. कारण मी नाइट शिफ्ट शोधत होते आणि कित्येक जणांनी लिहिलं होतं शिफ्ट वर्क, कोणी रोटेटिंग शिफ्ट, ते मला दिसणार कुठून!

मग आम्ही पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीवर, बसलो. तिथे साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत आणि शोधायला पैसे लागत नाहीत. सारख्या अर्थाचे शब्द ऑरने (OR) जोडायचे आणि कंसात ठेवायचे, वेगवेगळे मुद्दे अँडने (AND) जोडायचे. नर्स लिहिताना इंग्रजीतली पहिली चार अक्षरं टाकून पुढे फुली (*) मारली की नर्स, नर्सेस, नर्सिंग सगळं एकदम येतं. शिवाय तिथे मेश नावाची ठरलेल्या विषयनावांची यादी आहे, लेखकाने कुठलाही शब्द वापरलेला असो, पेपरला त्या यादीतलं नाव लावलेलं असतं, म्हणजे नाव बरोबर सापडलं की वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेले पेपर एका जागी मिळतात. फक्त अगदी नव्या पेपरला ते नाव अजून लागलेलं नसू शकतं, म्हणून साधे शब्दही सोबत ठेवायचे. स्कॉलर मी सोडलं नाही हां, एक चांगला पेपर हाती लागला की त्याला पुढे कोणी कोणी सायटेशन दिलंय हे बघायला मला तेच आवडतं.

तरी काही पेपर आपल्या लायब्ररीकडेही नसतात. तेव्हा अनपेवॉल नावाचं ब्राउझरचं एक्स्टेंशन लावा, ते पेपरची कायदेशीर मोफत प्रत कुठे ठेवलेली असेल तर दाखवतं, बऱ्याचदा लेखकाने स्वतःच्या युनिव्हर्सिटीच्या रिपॉझिटरीत, म्हणजे तिथलं संशोधन ऑनलाइन साठवायच्या जागेत, ती ठेवलेली असते. नाहीच मिळालं तर आंतरग्रंथालयीन देवघेव, म्हणजे आपली लायब्ररी दुसऱ्या लायब्ररीकडून मागवून घेते. मला एका जुन्या पुस्तकातलं प्रकरण हवं होतं, फॉर्म भरला आणि आठवड्याभरात स्कॅन मेलवर आलं. आणि एकदा तर मी सरळ लेखिकेलाच मेल केला, चार ओळींचा, मी विद्यार्थिनी आहे, अमुक विषय आहे, तुमचा पेपर मिळेल का. दुसऱ्या दिवशी पीडीएफ आली आणि सोबत तिच्या नव्या कामाची लिंकपण. मी तो मेल अजून जपून ठेवलाय.

सगळे पेपर झोटेरो नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकत जा, मोफत आहे, संदर्भयादी तेच करून देतं. पण मला ते त्याहून मोठ्या कारणासाठी आवडतं. एके दिवशी माझ्या यादीतल्या एका पेपरवर लाल पट्टी आली, हा पेपर मागे घेतलेला आहे म्हणून. त्याचे आकडे मी दुसऱ्या चॅप्टरमध्ये वापरले होते, गाइडनाही दाखवून झाले होते. पूर्ण परिच्छेद काढला, दोन दिवस गेले, पण सबमिशननंतर कळलं असतं तर काय केलं असतं मी? पीडीएफ डाउनलोड केली की ती आहे तशीच राहते, पेपर मागे घेतल्याचं तिला कळत नाही, म्हणून सबमिट करायच्या आधी प्रत्येक संदर्भाचा डीओआय (पेपरचा कायमचा ओळख क्रमांक) टाकून पेपरचं मूळ पान एकदा उघडून बघाच.

आणि हो, रॅकपर्यंत जा. ड्युई पद्धतीने, म्हणजे विषयाला आकडा देऊन, लावलेल्या लायब्ररीत नर्सिंग 610.73 ला असतं, मी एक पुस्तक घ्यायला गेले आणि त्याच्या शेजारची दोन घेऊन आले, जी कुठल्याच सर्चमध्ये मला दिसली नव्हती.

गेल्या आठवड्यात डेझर्टेशन जमा केलं. लायब्ररीच्या फॉर्मवर प्रश्न होता की रिपॉझिटरीतली प्रत सगळ्यांसाठी खुली ठेवायची की फक्त कॅम्पसपुरती. मी सगळ्यांसाठीवर टिक केलं.