नऊ नंबर

2024 साली 17 सप्टेंबरला आमच्याकडं मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आली होती. यंदाच्या विसर्जन बंदोबस्ताची पत्रं टेबलावर यायला लागली आणि तो दिवस परत डोक्यात फिरायला लागला, म्हणून लिहून काढतोय.

मी नायब तहसीलदार आहे, गोदाकाठच्या एका तालुक्यात. लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे सातबारा, फेरफार, निराधारचे पगार. पण आमच्या पाटीवर बारीक अक्षरात अजून एक शब्द असतो, कार्यकारी दंडाधिकारी. म्हणजे माझ्या एका सहीनं माणूस जेलात जाऊ शकतो. मी बीएस्सी ॲग्री आहे. कपाशीचा लाल्या लांबून ओळखेन, पण कायदा शिकलो तो खात्याच्या परीक्षेपुरताच.

त्या महिन्यात आम्ही सगळे अतिवृष्टीत बुडालेलो. 1 आणि 2 सप्टेंबरला जो पाऊस झाला तो मराठवाड्यात कुणी विसरणार नाही. गुडघाभर चिखलात तलाठ्यांना घेऊन पंचनामे चाललेले, 33 टक्क्यांच्या वर नुकसान की खाली यावरून शेतकऱ्यांशी रोजची वादावादी, झोप नाही. 17 ला सकाळी झेंडा झाला, एका रिटायर्ड गुरुजींनी स्वामी रामानंद तीर्थांच्या तुरुंगवासावर लई चांगलं भाषण केलं, निजाम कुणालाही उचलून आत टाकायचा वगैरे. तहसीलदार साहेब दुसऱ्या गावच्या मिरवणुकीवर होते, चार्ज माझ्याकडं. चहा घेऊन केबिनला येतो तर बाहेर पोलिसांची गाडी उभी आणि व्हरांड्यात 14 जण ओळीनं उकिडवे बसलेले.

याला चॅप्टर केस म्हणतात. गुन्हा नसतो. हा माणूस सणाच्या काळात शांतता बिघडवील अशी पोलिसांना शंका असते, ते इस्तगासा, म्हणजे कारवाईचा लेखी प्रस्ताव, पाठवतात, आणि तू वर्षभर नीट वागशील का असा बाँड मी लिहून घ्यायचा. बाँड दिला तर घरी, नाही दिला तर आत. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 107 होतं, 1 जुलै 2024 पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली आणि ते 126 झालं. आमच्या त्या 14 इस्तगाशांत 107 चा छापील फॉर्म तसाच ठेवून वर निळ्या पेनानं 126 केलं होतं, दोन ठिकाणी ते पण राहून गेलेलं. मजकूर चौदांचा एकच. सदर इसम तरुण, धाडसी व भांडखोर प्रवृत्तीचा असून त्याच्यापासून सार्वजनिक शांततेस बाधा होण्याची दाट शक्यता आहे.

नऊ नंबरला हाक मारली तर एक पांढऱ्या मिशांचे काका आत आले. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल, पाठीला बाक आलेला, खांद्यावर पोत्याच्या घासानं कातडी टायरसारखी काळी पडलेली, कंबरेला बिल्ला. वय 58, असं ते स्वतः म्हणाले. कागदावर तरुण आणि वय वर्षे 46. मी हवालदाराकडं बघितलं, हवालदार पंख्याकडं.

झालं होतं असं की 2012 ला एका मिरवणुकीत ढोलावरून भांडण झालं, त्यात यांचं नाव आलं, कोर्टानं पुढं निर्दोष सोडलं. पण पोलिसांच्या गोपनीय शाखेच्या यादीतून नाव काही निघालं नाही. दरवर्षी तीच यादी, फक्त तारीख बदलायची. वय बदलायचं पण कुणाच्या डोक्यात आलं नाही.

काका म्हणाले, "साहेब, म्या काय केलंय ते तरी सांगा की."

आता याला उत्तर काय द्यायचं? तुम्ही काही केलं नाही, म्हणूनच तर हे कलम आहे. केलं असतं तर दुसरं लावलं असतं. मी आपलं म्हणालो, काही नाही काका, सणापुरतं आहे, एक जामीनदार द्या अन् जावा घरी.

दरवर्षी त्यांचे मेहुणे उभे राहायचे, त्यांच्या नावावर दोन एकर होती. मेहुणे त्याच वर्षी जेठ महिन्यात वारले. पोलिसांनी प्रस्तावातच 25 हजारांचा ऐपतदार जामीन असं टाकलेलं. बाकी तेराजणांचे नेते, मंडळवाले, भाऊबंद दोन तासात आले, सही करून मोकळे झाले, त्यातल्या तिघांवर खरोखर दगडफेकीच्या केसेस आहेत हे मला माहीत होतं, ते संध्याकाळी मिरवणुकीत नाचत पण होते. काकांचा मुलगा एका ओळखीच्या माणसाला घेऊन आला, त्याच्याकडं ऐपतीचा दाखला, म्हणजे तेवढी मालमत्ता आहे असा सरकारी कागद, नव्हता. ऐपतीचा दाखला कुठं मिळतो? आमच्याच ऑफिसात, खाली दुसऱ्या खिडकीवर. त्या दिवशी सुट्टी म्हणून खिडकी बंद. म्हणजे मीच मागतोय, माझंच ऑफिस देतंय आणि माझंच ऑफिस बंद आहे. पोरगं चार वेळा वर-खाली करून आलं, त्याला वाटत होतं मी मस्करी करायलोय.

आता जे मला टोचतं ते सांगतो. मला कायदा माहीत नव्हता असं नाही. 1970 सालचा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, मधु लिमये विरुद्ध उपविभागीय दंडाधिकारी, मुंगेर. लिमये आपले पुण्याचे, बिहारातून खासदार झालेले. कोर्टानं हे कलम घटनेत बसतं असं म्हटलं खरं, पण सोबत हेही सांगितलं की आधी चौकशी सुरू करा, माहितीत तथ्य आहे का ते बघा, मग तात्पुरता बाँड मागा. कागद आला की लगेच बाँड द्या नाहीतर आत, असं चालणार नाही. सेक्शनमध्येच लिहिलंय की कारणं लेखी नोंदवायची. शिवाय जामीनदाराशिवाय नुसता जात मुचलका, म्हणजे त्या माणसाची स्वतःची लेखी हमी, पण घेता येतो. हे सगळं मी एका ट्रेनिंगमध्ये ऐकलेलं, वहीत अंडरलाइन करून ठेवलेलं.

मी ठाण्याला फोन लावला, म्हणालो याला जात मुचलक्यावर सोडतो. तिकडून साहेब म्हणाले, "सोडा की, अधिकार तुमचा आहे. फक्त रात्री काही झालं तर नऊ नंबर तुम्ही सोडला होता एवढं माझ्या रिपोर्टमध्ये येईल." आवाज एकदम गोड. वरून प्रतिबंधात्मक कारवाईचे आकडे मागतात त्यांना, ते मला कळतं. पण आकडा त्यांचा आणि सही माझी.

साक्षीदार तपासला नाही, कारण नोंदवलं नाही. कारकुनानं तयार ठेवलेल्या जेल वॉरंटवर सही केली. दीड वाजला असेल. काकांनी बिल्ला काढून पोराच्या हातात दिला आणि मला नमस्कार केला, का केला माहीत नाही.

घटनेच्या कलम 50 मध्ये न्यायव्यवस्था आणि कार्यपालिका वेगळी ठेवा असं राज्याला सांगितलंय. इथं मी सकाळी बंदोबस्ताच्या मीटिंगला पोलिसांच्या शेजारी बसतो, त्यांच्याच गाडीतून फिरतो आणि दुपारी त्यांच्याच कागदावर न्यायाधीश होतो. यावर मित्र म्हणतात, अरे पण दंगल झाली असती तर? मिरवणूक शांततेत झाली हे खरंय. शांत झाली की आमच्या यादीमुळं, आणि बिघडली असती तर यादी अजून मोठी पाहिजे होती. ही यादी चुकली असं कधी सिद्धच होत नाही. दंगल बघितलेला माणूस हे इतक्या हलक्यात बोलणार नाही, तेही मान्य आहे. त्या तिघांना मी आजही बाँडशिवाय सोडणार नाही.

19 तारखेला मीच आदेश काढून काकांना जात मुचलक्यावर सोडलं. तोच फॉर्म, तीच सही, जी 17 ला करता आली असती. दोन रात्री गेल्या. चौकशी पुढं चाललीच नाही, सहा महिने झाले की केस आपोआप बंद होते, तशी झाली.

महिन्याभरानं काका ऑफिसात आले. मूग-उडदाच्या आवकीचे दिवस, मुकादमानं टोळीतली त्यांची जागा दुसऱ्याला दिलेली, दारू पिऊन पडला असशील म्हणून. ते म्हणाले, मी कुठं होतो ते लिहून द्या. मी म्हणालो, सुटल्याचा कागद जेलातून मिळतो. तर म्हणाले, "जेलाचा कागद दावला तर चोरी केली म्हणतील. तुमी लिवा, यानं कायीच केलं नव्हतं म्हणून."

तसा दाखला आमच्याकडून देत नाहीत, असं मी सांगितलं. आवक-जावकच्या मॅडमनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. काका थोडा वेळ बाकड्यावर बसले, मग गेले.

यंदाची यादी परवा आली. तीन नावं कमी झालीत, काका आता सहा नंबरला आहेत. वय वर्षे 46. मी समोर पेन्सिलीनं जात मुचलका असं लिहून ठेवलंय. नवीन तहसीलदार आलेत, त्यांना विचारावं लागेल.