मुळाची नलिका भरताना: थंड गटापर्चा की गरम?

गोव्यातील बांबोळीच्या दंत महाविद्यालयातून शिकून नुकताच दवाखाना थाटलेले तरुण सहकारी मला वारंवार विचारतात की, रूट कॅनल म्हणजे दाताच्या मुळातील नलिका भरण्यासाठी गटापर्चा (नलिकेत भरायचा रबरासारखा पदार्थ) गरम करणारे महागडे यंत्र घ्यावे का. माझे उत्तर नलिकेच्या आकारापासून सुरू होते.

लॅटरल कंडेन्सेशन या थंड पद्धतीत गटापर्चाचा मुख्य कोन (निमुळती कांडी) सीलर म्हणजे फटी बुजवणारा लेप लावून बसवतात, स्प्रेडर या टोकदार हत्याराने तो बाजूला दाबतात आणि झालेल्या जागेत बारीक कोन सरकवतात. या पद्धतीत लांबीवर ताबा चांगला राहतो. म्हणून सरळ, गोल नलिकेसाठी ती मला आजही पुरेशी वाटते. परंतु खालच्या दुसऱ्या दाढेत कधी कधी आढळणारी सी आकाराची नलिका असो, किंवा आतून झिजून पोकळी झालेले मूळ असो, तिथे कोनांच्या मधल्या फटी केवळ सीलरवर सोडाव्या लागतात, आणि ते मला पटत नाही. अमेरिकन दंततज्ज्ञ हर्बर्ट शिल्डर यांनी 1967 मध्ये नलिका तिन्ही मितींत भरण्याचा आग्रह धरला, त्यामागे हाच विचार होता. उष्णतेने मऊ झालेला गटापर्चा आडव्या फाट्यांतही शिरतो. मात्र निवताना तो आकसतो, त्यामुळे प्लगर या बोथट हत्याराचा दाब धरून ठेवावा लागतो, आणि गटापर्चा मुळाच्या टोकाबाहेर जाण्याचा धोकाही अधिक असतो. दोन्ही पद्धतींच्या अभ्यासांचे 2007 मधील एकत्रित विश्लेषण हाच धोका दाखवते. दीर्घकालीन यशात मात्र दोन्हींत लक्षणीय फरक आढळला नाही.

बायोसिरॅमिक सीलर (कॅल्शियम सिलिकेटचा लेप) आणि एकच कोन ही नवी पद्धत सोपी आहे, पण हा सीलर घट्ट झाल्यावर दात पुन्हा उघडणे कठीण जाते, हे आधीच लक्षात घ्यावे.

यंत्रापेक्षा मला काळजी वाटते ती रबर डॅमशिवाय (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा) आणि पुरेशा हायपोक्लोराइटशिवाय (नलिका धुण्याचे जंतुनाशक) उरकलेल्या सफाईची, तसेच वरच्या झाकणाची. आपल्याकडे जहाजावर नोकरी करणारे अनेक जण सुट्टी संपता संपता उपचार घेतात आणि तात्पुरत्या फिलिंगवरच निघून जातात. मग वरून लाळ झिरपली की आतली कितीही सुबक भरणी दूषित होऊ शकते. कॅप बसवायला वेळ नसेल, तर अशा रुग्णाला नलिका भरल्यावर त्याच बैठकीत पक्के कंपोझिट फिलिंग करूनच मी पाठवते.