मामा, पटकन सांग ना

परवा भाची आली होती, वय वर्षं पंधरा. तिला मी कॉलेजातला एक किस्सा सांगायला घेतला, म्हणजे आधी तो मित्र कसा वल्ली होता, मग त्याची ती मोडकी सायकल, असं जरा रंगवून, तर माझं दुसरं वाक्य पूर्ण व्हायच्या आत सोफ्याच्या हातावर तिचा अंगठा वर सरकला. फोन चार्जिंगला होता हां, हातात काहीच नव्हतं! तिचं तिलाच कळलं, दोघंही हसलो, मग म्हणते कशी, मामा पटकन सांग ना, शेवटी काय झालं?

सगळे म्हणतात आजकालच्या पोरांचं कशात लक्ष लागत नाही. मला नाही पटत. हीच पोरगी दोन दोन तास मान वर न करता स्क्रोल करते, लक्षच नसतं तर हे जमलं असतं का. गेलीये ती गोष्ट सुरू होईपर्यंत थांबायची सवय. रील बनवणारेच सांगतात की पहिल्या दोन-तीन सेकंदांत हुक बसला नाही तर माणूस गेला, म्हणून शेवट आधी दाखवायचा. दिवसभर हेच बघून पोरं बोलतातही तशीच. वर्गातलं भांडण सांगताना हिची सुरुवातच "आणि मग ती रडायलाच लागली" इथून, कोण रडली, का रडली, ते आपण खोदून खोदून विचारायचं.

व्हिडिओ छोटे असतात म्हणून हे होतं असंही नाही. व्हाइन नावाचं छोट्या व्हिडिओंचं अ‍ॅप २०१३ ला आलं तेव्हा ६ सेकंद मिळायचे, आता यूट्यूबचे शॉर्ट्स ३ मिनिटांपर्यंत चालतात. गोम अशी की पुढचा व्हिडिओ भारी निघेल का भिकार ते माहीत नसतं, जुगाराच्या मशीनचा दांडा ओढत बसणाऱ्याचं जे होतं तेच. आणि पान कधी संपतच नाही. हे न संपणारं स्क्रोल २००६ मध्ये अझा रास्किन नावाच्या डिझायनरने बनवलं, नंतर त्यालाच त्याचा पश्चात्ताप झाला. आता होऊन काय उपयोग म्हणा.

पोरांनाच कशाला बोलू, मीच मागच्या आठवड्यात झोपताना पाच मिनिटं म्हणून फोन घेतला आणि दीड वाजला, सकाळी आठवून बघतो तर एक मांजर आणि कुणीतरी फरशी घासत होतं, बाकी सगळं कोरं. फक्त मला निदान कंटाळा येणं म्हणजे काय ते माहितीये, नुसतं छताकडे बघत पडायचं वगैरे. तिच्या वाट्याला तो कधी आलाच नाही, यायच्या आधीच हातात फोन.

असो. किस्स्याचा शेवट सांगितला मी तिला, एका वाक्यात. तिला जराही हसू आलं नाही. आणि खरं सांगू, त्या वाक्यात हसण्यासारखं काही नव्हतंच, सगळी मजा त्या सायकलीत होती.