बाबांचं गाणं

माझ्या अल्बमची आठ गाणी. सगळी संथ, सगळी मनातलं सांगणारी. शब्द झाले, चाली बसल्या तेव्हा वाटलं, आता नुसतं रेकॉर्ड करायचं राहिलंय. त्यातच चार महिने गेले.

सुरुवातीला सगळं मेट्रोनोमवर, म्हणजे कानात ठेक्याचा क्लिक देणाऱ्या यंत्रावर गायले. ठेका पक्का बसला, पण मुखड्याच्या शेवटच्या शब्दावर मी एरवी जरा रेंगाळते, तिथे क्लिक मला पुढे ओढायचा. शेवटी क्लिक बंद केला, गिटार आणि आवाज एकत्र घेतला आणि बाकीची वाद्यं त्यावर चढवली. पट्टीचंही तसंच. दोन गाण्यांत अंतरा वर गेला की आवाज ताणला जायचा. सहाही तारा एका स्वराने उतरवल्या. बोटं त्याच कॉर्डवर राहिली, गाणं दोन पडदे खाली आलं आणि गळा सुटला.

खरं अडलं ते बाबांवरच्या गाण्यापाशी. वीसेक टेक घेतले, चांगल्या ओळी निवडून जोडल्या, सूर सॉफ्टवेअरने सरळ केले, श्वास कापले. सगळं स्वच्छ झालं आणि ऐकताना मला काहीच वाटेना. मग फोनवरचा पहिला डेमो, म्हणजे कच्चं रेकॉर्डिंग, काढला. त्यात 'दार' या शब्दाआधी श्वास अर्धाच घेतला गेलाय, त्यामुळे शब्द जेमतेम ओठांबाहेर येतो. मी नेमका तोच श्वास कापून टाकला होता.

त्या दिवसांत अमेरिकन गायिका कॅरोल किंगचा १९७१चा 'टॅपेस्ट्री' हा अल्बम पुन्हा पुन्हा ऐकला. आधी कितीतरी वर्षं दुसऱ्यांसाठी गाणी लिहिणारी ही बाई तिथे पियानोपाशी बसून अगदी साध्या, जवळच्या आवाजात गाते. निर्माता लू ॲडलरला तिच्या डेमोंमधला तो जवळपणाच हवा होता. असा आवाज सजवायला गेलं की दुरावतो, असं माझं ठाम मत झालंय.

माइक वीतभर अंतरावर, जरा तिरका ठेवला, म्हणजे 'प', 'फ'चा फटका थेट बसत नाही. गाणं सलग म्हटलं. दुसरा टेक ठेवला, त्यातली एकही ओळ जोडलेली नाही.

क्रम लावताना हे गाणं शेवटी घेतलं होतं. त्यानंतरची शांतता मलाच सोसेना. म्हणून ते सातवं केलं, आणि आठवं ठेवलं ते बाबा दाढी करताना गुणगुणायचे ते, माझं सगळ्यात पहिलं गाणं.