आमची वाटचाल : टीव्ही रिपेअरिंगपासून दाराच्या कंट्रोलरपर्यंत

आमचं दुकान कुडाळात. सुरुवात वडलांची, टीव्ही आणि इन्व्हर्टर रिपेअरिंगची, मग मी आयटीआय करून दुकानात बसलो तेव्हा सीसीटीव्हीचं वारं होतं म्हणून कॅमेरे, मग हजेरीची बोटाची मशीन, आणि मशीन बसवायला गेलो की एमआयडीसीतले लोक हमखास विचारायचे, हजेरी लागते तसं याच मशीनने दार पण उघडेल का हो? उघडतं. पण ते कुठून उघडतं यावर आमचा आजचा सगळा धंदा उभा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्वस्तातल्या मशीनमध्ये रीडर, रिले (लॉकचा करंट चालू-बंद करणारा स्विच), मेमरी सगळं एकाच डब्यात असतं आणि तो डबा दाराच्या बाहेर भिंतीवर. म्हणजे बाहेर उभ्या असलेल्या माणसाने स्क्रू काढून डबा उचकटला की लॉकच्या वायरी त्याच्या हातात. ईएम लॉक म्हणजे नुसतं चुंबक, करंट आहे तोवर ते दार धरून ठेवतं, वायर तोडली की सुटलं. छोट्या ऑफिसच्या आतल्या दाराला हे चालतं, पण पतसंस्थेच्या लॉकर रूमला, सर्व्हर रूमला, केमिकलच्या गोडाऊनला असलं मशीन मी लावून देत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

आम्ही करतो काय तर सगळं सुटं करतो. बाहेर फक्त रीडर, त्याचं काम कार्ड वाचून नंबर आत पाठवणं एवढंच. आत, कुलूपबंद पेटीत कंट्रोलर, दार उघडायचं की नाही हे तो ठरवतो आणि लॉकचा रिले पण तिथेच. दारं जास्त असली तर प्रत्येक दोन दारांना एक डोअर मॉड्यूल, दाराच्या सेन्सरसाठी आणि सायरनसाठी वेगळे इनपुट-आउटपुट मॉड्यूल, हे सगळे आरएस-४८५ म्हणजे लांब अंतराच्या डेटा लाईनच्या वायरींच्या एका जोडीवर कंट्रोलरला जोडलेले, आणि कंट्रोलर लॅनवरून ऑफिसातल्या सॉफ्टवेअरला. यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही की कार्डांची यादी आणि वेळापत्रक कंट्रोलरच्या स्वतःच्या मेमरीत असतं. आपल्याकडे पावसाळ्यात लाईट जाते, नेट जातं, फायबर तुटते, तरी दार कुणाला विचारायला जात नाही, ओळखीचं कार्ड असेल तर उघडतं, नोंद ठेवतं आणि लाईन आली की सगळ्या नोंदी वर पाठवून देतं.

पूर्वी रीडर आणि कंट्रोलरमध्ये वीगँड नावाची जुनी जोडणीची पद्धत असायची, अजूनही जुन्या साइट्सवर तेच आहे. त्यात नंबर उघडाच जातो, एकाच दिशेने जातो आणि अंतर साधारण १५० मीटरपर्यंत. रीडर कुणी काढून नेला तरी कंट्रोलरला कळायचं काही साधन नाही, तो नुसता वाट बघत बसतो. ओएसडीपी ही रीडर-कंट्रोलरच्या बोलण्याची नवी पद्धत आली तसे आम्ही नवीन कामात तेच घ्यायला लागलो, २०२० मध्ये ते आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेचं स्टँडर्ड पण झालं. आरएस-४८५ वर चालतं म्हणून १२०० मीटरपर्यंत जातं, सिक्युअर चॅनल चालू केला तर एईएस-१२८ ने म्हणजे सांकेतिक भाषेत बोलतं (तो चालू करावा लागतो बरं का, बरेच इन्स्टॉलर तसंच सोडून जातात), आणि कंट्रोलर रीडरला सतत विचारत राहतो, तू आहेस का, तू आहेस का, उत्तर आलं नाही की अलार्म.

आता कोकणाचं. पुण्याचा सप्लायर जी पेटी पाठवतो ती रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराच्या आसपास फिश प्रोसेसिंगवाल्यांकडे तशीच लावली तर खाऱ्या हवेत टर्मिनल हिरवे पडतात, बारीक तांब्याच्या वायरी आतून काळ्या होत जातात आणि मग दार कधी उघडतं कधी नाही अशी तक्रार येते, जी शोधायला सगळ्यात कठीण. म्हणून आम्ही आयपी-६५ म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारी पेटी, केबल नेहमी खालून, केबल आत जाते तिथली ग्लँड घट्ट, वायरीला टोकाशी लूप सोडून म्हणजे पाणी ओघळून खाली पडेल, बोर्डावर कोटिंग, वायरीच्या टोकाला कथिल चढवलेले लग. आणि न वापरलेली सगळी भोकं बंद. पेटी आतून कोमट असते त्यामुळे मुंग्या आणि पाली आत घर करतात, पालीने रिलेवर घातलेली अंडी मी स्वतः काढलीयत.

मे महिन्यातल्या आणि परतीच्या पावसातल्या विजांचं वेगळं. जांभ्यात अर्थिंग नीट लागत नाही, खड्डा कितीही खणा. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकली की एका बाजूला पडलेली वीज दुसऱ्या बाजूचे बोर्ड पण घेऊन जाते, म्हणून इमारत ते इमारत आम्ही फायबरच टाकतो, गिऱ्हाइकाने खर्चाची कुरकुर केली तरी.

बॅटरीचं गणित लोकांना मी कागदावर करून दाखवतो. १२ व्होल्टचं ईएम लॉक साधारण अर्धा अँपिअर खातं, कंट्रोलर-रीडर धरून पाऊण, म्हणजे ७ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी कागदावर नऊ तास आणि खरी त्याहून कमी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगड भागात कितीतरी दिवस लाईट नव्हती, तिथे नऊ तासांचं काय घेऊन बसलात. मालवणच्या एका काकींनी गेस्टहाऊससाठी पहिला प्रश्न हाच विचारला, "अरे बाबू, लायट गेली तर दार उघडतला मां?" अगदी योग्य प्रश्न. जिथे लाईट गेल्यावर दार बंदच राहायला हवं तिथे आम्ही करंट नसतानाही बंदच राहणारं स्ट्राइक लॉक लावतो, आतून हँडलने कधीही उघडतं आणि बाहेरून साधी चावी. आणि जिथे माणसं कोंडली जाऊ शकतात, लोटे एमआयडीसीसारख्या केमिकलच्या ठिकाणी विशेषतः, तिथे ईएम लॉकचा सप्लाय थेट फायर पॅनलच्या (आगीच्या अलार्मच्या पेटीच्या) रिलेतून नेतो. सॉफ्टवेअरवर ते काम अजिबात सोडत नाही. आग लागली की करंट तुटला पाहिजे आणि दार सुटलं पाहिजे, मधे कुठलाही कॉम्प्युटर नको.

२२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणहून जी कामं आली त्यात तळमजल्यावर आधी कुणी लावलेल्या पेट्या चिखलाने भरलेल्या होत्या, दाराजवळचे रीडर गेलेच पण त्याबरोबर सगळ्या इमारतीचा कंट्रोलर पण गेला, कारण तो पण खालीच. तेव्हापासून पूररेषेजवळच्या इमारतीत कंट्रोलर आणि बॅटरी वरच्या मजल्यावर, खाली फक्त रीडर आणि लॉक. सुट्या मॉड्यूलचा फायदा तिथे खरा दिसतो, पाणी आलं तर खालचा रीडर बदला, बाकी सिस्टीम चालू.

एक छोटी गोष्ट नवीन इन्स्टॉलर मुलांसाठी. लॉकच्या दोन टोकांवर १एन४००७ डायोड उलटा लावा, काही रुपयांचा असतो. लॉकचा करंट तुटताना त्यातली कॉइल मागे झटका मारते, त्याने रिलेचे काँटॅक्ट जळतात आणि मग दोष कंपनीच्या बोर्डाला देतात.

आता दुकानात माझा भाचा पण आहे, सॉफ्टवेअर तो बघतो, वायरिंग माझ्याकडे. सध्या देवगडला आंबा कॅनिंगच्या कारखान्याचं काम हातात आहे, कोल्ड रूमची दारं असल्याने रीडर बाहेरच्या बाजूला आणि आतून मोठं ग्रीन बटण, आत अडकलेल्या माणसाला थंडीत कार्ड शोधत बसायला लागू नये म्हणून. त्यांना सीझनच्या आधी हवंय, आणि पाऊस लागायच्या आत पेट्या सील करून द्यायच्या असं आमचं ठरलंय.